उधारीच्या वहीला अनुभव म्हणायचं का?

बार्शीहून आलेलं पत्र:

‘काकू, मी बी.कॉम. झाले, ६१ टक्के. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. एमएस-सीआयटी आणि टॅलीचा कोर्स केलाय. पदवीनंतर दीड वर्ष तलाठी आणि बँकेच्या परीक्षांमागे गेलं, हाती काही लागलं नाही. मामांचं कृषी सेवा केंद्र आहे, तिथले हिशेब कॉलेजपासून बघते. पण तो घरचाच धंदा, त्याला अनुभव कसा म्हणणार? अर्जात ‘अनुभव नाही’ असंच लिहिलंय. आता भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीतून अकाउंट्स असिस्टंटच्या मुलाखतीसाठी फोन आलाय, पुढच्या बुधवारी सकाळी ११ वाजता. कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते एवढंच कळलंय. आयुष्यातली पहिलीच मुलाखत. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर यूट्यूबवरून पाठ केलंय, पण निम्म्यात अडखळते. इंग्रजीची धास्ती आहे. पगार किती सांगायचा तेही कळत नाही. काय तयारी करू?’

पाठ केलेलं उत्तर आधी सोडून दे. ‘आय ॲम अ हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड पर्सन’ हे वाक्य मी टेबलाच्या पलीकडे बसून इतक्या मुलामुलींच्या तोंडून ऐकलंय की पुढचं वाक्य मीच पूर्ण करू शकले असते. त्यातून समोरच्या माणसाला काही कळत नाही. आणि तू अडखळतेस याचं कारण तुझं इंग्रजी कच्चं आहे हे नाही. त्या उत्तरात तू कुठेच नाहीस, मग आठवणार काय?

माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत, हिशेबखात्यात झाली. नव्या मुलांना कामावर घेताना माझ्या डोक्यात दोनच प्रश्न असायचे. याच्या हातात उद्या बिलांचा गठ्ठा दिला तर तो घाबरेल की बसून लावेल? आणि चुकलं तर सांगेल की दडवेल? बाकीचं शिकवता येतं. तुझ्यासारख्या नव्या उमेदवाराकडून कुणी ताळेबंद बनवून घ्यायला बसलेलं नसतं. म्हणून तयारी करायची ती या दोन प्रश्नांची, आणि तिचा सगळा माल तुझ्याकडे मामांच्या दुकानात पडलाय.

तू लिहितेस, घरचा धंदा, अनुभव कसा म्हणणार. मला सांग, दुकानात बियाणं विकता त्यावर जीएसटी नाही, खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ टक्के. एका शेतकऱ्याच्या एकाच बिलात या तिन्ही ओळी येतात आणि त्या तू टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बरोबर घालतेस. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ वरून ५ टक्क्यांवर आली, तेव्हा टॅलीत त्या मालाचे दर कुणी बदलले? तूच बदलले असणार. कोर्स करून आलेल्या कितीतरी मुलांनी एकाच दराच्या, पुस्तकातल्या बिलांखेरीज दुसरं काही पाहिलेलं नसतं.

पुढे पॉस मशीन, म्हणजे खतविक्रीची नोंद करायचं यंत्र. अनुदानाचं खत आधारवर नोंद करूनच विकावं लागतं. म्हणजे युरियाची ४५ किलोची पोती तीन ठिकाणी मोजली जातात: मशीनमध्ये, टॅलीत आणि गोदामात. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर कृषी खात्याचा माणूस तपासणीला आल्यावर काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. फरक आला की तू काय करतेस? चलन (मालासोबत आलेला कागद) काढतेस, पोती मोजतेस, कोणत्या तारखेपासून आकडा फिरला ते मागे जात शोधतेस. कारखान्यात यालाच स्टॉक रिकन्सिलिएशन म्हणतात आणि वर्षाच्या शेवटी ऑडिटर आले की अख्खं खातं त्यात गुंतलेलं असतं.

आणि ती उधारीची वही. पेरणीला माल न्यायचा, सोयाबीन-तूर विकली की पैसे द्यायचे, हा तुमच्याकडचा रिवाज. कुणाचे किती, किती महिन्यांपासून, कुणाला आधी आठवण करायची, कुणाला आणखी माल द्यायचा नाही, हे त्या वहीवरून ठरतं. कंपनीत हीच यादी ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस असे रकाने पाडून एक्सेलमध्ये करतात आणि तिला डेटर्स एजिंग म्हणतात. मुलाखतीआधी एक संध्याकाळ काढ. वहीतली वीस-पंचवीस खाती एक्सेलमध्ये घे, शेतकऱ्यांची नावं काढून नुसते क्रमांक दे, आणि असे रकाने पाडून बघ. बिलाची तारीख आजच्या तारखेतून वजा केली की दिवस येतात, पुढे सम-इफ वापरून बेरजा. हे एकदा स्वतःच्या हातानं केलंस की ‘एक्सेल येतं का?’ या प्रश्नाला ‘येस सर’पेक्षा बरं उत्तर तुझ्याकडे असेल.

नावं काढ म्हणाले ते उगाच नाही. मुलाखत घेणारा कदाचित सहज विचारेल, ‘मामांची उलाढाल किती? उधारी किती अडकलीय?’ आकडे सांगू नकोस. ‘सर, तो दुकानाचा आतला हिशेब आहे, पण काम कसं करते ते सांगते,’ एवढं म्हण. हिशेबखात्यात पगारपत्रकं हाताखालून जातात, मालकाची उसनवारी दिसते. जी मुलगी मामांचे आकडे पहिल्या भेटीत परक्याला सांगते ती आमचेही बाहेर सांगेल, असा विचार तिथला कुणीही अनुभवी माणूस करतो. मी तरी करायचे.

या सगळ्यातून एक प्रसंग निवडून ठेव. काहीतरी बिघडलं होतं आणि तू ते शोधलंस, असा. उदाहरणार्थ, डिस्ट्रिब्युटरचा उतारा आला, त्यात बाकी जास्त दिसत होती, तुम्ही परत पाठवलेल्या मालाची क्रेडिट नोट त्यांनी धरलीच नव्हती, तू चलन दाखवून ती धरायला लावलीस. असं काहीतरी घडलेलं असणारच, दुकान चालवताना दर हंगामात घडतं. रक्कम, महिना, कुणाला फोन केला, शेवटी काय झालं, हे सगळं आठवून ठेव. मोठी कामगिरी लागत नाही. मात्र खरं असू दे, कारण त्यावर पुढचे चार प्रश्न येतील आणि खोट्या गोष्टीला दुसऱ्या प्रश्नातच तडा जातो.

आता ‘स्वतःविषयी सांगा’चं उत्तर. ते असं होऊ शकतं:

‘माझं बी.कॉम. बार्शीत झालं. कॉलेजपासून मामांच्या कृषी सेवा केंद्राचे हिशेब मी बघते. खरेदीची बिलं टॅलीत घालणं, बँकेचं स्टेटमेंट जुळवणं, उधारीचा पाठपुरावा आणि महिन्याच्या शेवटी कर सल्लागारांना खरेदी-विक्रीची यादी देणं, ही कामं माझ्याकडे आहेत. माल तीन वेगवेगळ्या दरांचा असल्यामुळे जीएसटीच्या नोंदींची सवय आहे. मधल्या काळात सरकारी परीक्षाही दिल्या. कारखान्याचे हिशेब मी अजून केलेले नाहीत. ते शिकायचे आहेत म्हणून इथे अर्ज केला.’

एवढंच. मिनिटभरसुद्धा लागत नाही. यातलं एखादं काम तू करत नसशील तर ते वाक्य काढून टाक, करत असलेलं दुसरं घाल. वडील काय करतात, छंद कोणते, ‘माझं ध्येय’ वगैरे नको. विचारलं तर सांग. आणि हेही पाठ करू नकोस, घरात कुणाला तरी चार-पाच वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांग. आईला कळलं म्हणजे साहेबांना कळेल. अर्जाची नवी प्रतही काढ आणि त्यात ‘अनुभव नाही’च्या जागी दुकानाचं काम लिही: कधीपासून, कोणतं, कशावर. मामांकडून साध्या कागदावर, दुकानाच्या शिक्क्यानिशी चार ओळींचं पत्र घे. नात्यानं मामा आहेत हे लपवू नकोस, विचारण्याआधीच सांगून टाक.

कंपनीविषयी ‘एवढंच कळलंय’ म्हणतेस, तर ते बुधवारपर्यंत बदलायचं. बहुतेक छोट्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर जुने फोटो आणि ‘क्वालिटी पॉलिसी’ यापलीकडे काही नसतं. तुला दुसरी वाट आहे. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता करदाता शोधता येतो. कंपनीचा जीएसटी क्रमांक मिळाला (कुठल्याही बिलावर असतो, कित्येकदा संकेतस्थळाच्या तळाशीही) तर तो टाकून बघ. नोंदणी कधीची, व्यवसायाचा प्रकार काय, कोणता माल, विवरणपत्रं भरलीत की नाही, सगळं समोर येतं. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची, हे तुला माहीत असेलच. नसेल तर आत्ता माहीत करून घे, हे विचारतात.

सुटे भाग बनवणारी कंपनी म्हणजे काय, त्याचाही जरा अंदाज घे. भोसरीत एकच कंपनी सगळं करते असं फारसं नसतं. भाग इथे कापला, शेजारच्या ब्लॉकमध्ये हीट ट्रीटमेंटला गेला, तिसरीकडे प्लेटिंगला, परत आला, मग मोठ्या कंपनीला गेला. याला जॉब वर्क म्हणतात. माल विकलेला नसतो, नुसता कामाला पाठवलेला असतो, म्हणून तो चलनावर जातो आणि कच्चा माल असेल तर वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाही आला तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर मागतात. ही बाहेर गेलेल्या मालाची चलनं जुळवत बसणं हे नव्या असिस्टंटचं पहिलं काम असायची दाट शक्यता आहे. मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे?’ म्हणतील तेव्हा विचार: ‘सर, तुमचा माल जॉब वर्कला जातो का? त्याच्या चलनांचा हिशेब टॅलीत ठेवता की वेगळा?’ बार्शीहून आलेल्या नव्या मुलीनं हा प्रश्न विचारला तर समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसेल.

तुझ्या दुकानात आणि तिथे एक मोठा फरक आहे, तो समजून जा. शेतकऱ्याला बिल देताना त्याचा जीएसटी क्रमांक बहुधा नसतो. तिथे बहुतेक प्रत्येक गिऱ्हाइकाचा असतो, आणि आपण जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, त्याचं बिल घातलं तरच त्याला त्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळते. एक अक्षर चुकलं की त्याचा फोन येतो, आणि तो आपलं पेमेंट अडवून ठेवतो. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर अशी बिलं ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) काढूनच द्यावी लागतात, ती मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून आहे. खरेदीच्या बाजूला बिल आलं म्हणून लगेच घालत नाहीत. खरेदीची ऑर्डर, गेटवर माल आल्याची पावती म्हणजे जीआरएन, आणि बिल, हे तिन्ही जुळले की मग नोंद. तूही ट्रक आल्यावर चलन हातात घेऊन पोती मोजतेसच की.

छोट्या कंपन्यांत तोंडी प्रश्नांपेक्षा कागदच पुढे करतात, किंवा सरळ टॅली उघडून देतात. एक बिल देतील, म्हणतील, घाला. समजा १८ टक्क्यांचं खरेदीचं बिल आहे, एकूण १,१८,००० रुपयांचं. खरेदी १,००,००० नावे, सीजीएसटी ९,००० नावे, एसजीएसटी ९,००० नावे, पार्टी १,१८,००० जमा. लगेच पुढचा प्रश्न असतो: पार्टी अहमदाबादची असती तर? तर दुसऱ्या राज्यातली म्हणून त्या दोन्हींऐवजी एकच, आयजीएसटी १८,०००. म्हणून बिल हातात आलं की रकमेआधी पत्ता बघायची सवय लाव. टॅलीत पेमेंट एफ ५, रिसीट एफ ६, जर्नल एफ ७, विक्री एफ ८, खरेदी एफ ९, आणि बँकेत रोख भरली किंवा काढली तर कॉन्ट्रा, एफ ४. दुकानात बोटांना सवय असेलच, पण तिथे घाबरल्यावर बोटं विसरतात, म्हणून दोन दिवस मुद्दाम माउसला हात न लावता काम कर.

दुसरा हमखास प्रश्न बँकेचा. टॅलीत शिल्लक ८५,०००, बँकेच्या स्टेटमेंटवर ९७,६४६, का? तर १३,००० चा चेक आपण दिलाय पण तो अजून वटलेला नाही, आणि बँकेनं ३५४ रुपये चार्जेस कापलेत (३०० अधिक १८ टक्के) ते आपण घातलेले नाहीत. आता यात टॅलीत नोंद कशाची करायची? फक्त ३५४ ची. चेक आपोआप वटेल, त्याला हात लावायचा नाही. इथे मुलं गोंधळतात आणि चेकची नोंद उलटी करून बसतात. दुकानाच्या गेल्या तीन महिन्यांच्या स्टेटमेंटवर हे स्वतः करून बघ.

आणि हिशेबखात्याच्या महिन्याच्या तारखा तोंडपाठ असू देत. ७ तारखेला टीडीएस भरायचा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), ११ ला जीएसटीआर-१, १४ ला २-बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी) तयार होतं त्यावरून क्रेडिट जुळवायचं, १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला ३-बी (कर भरायचं विवरणपत्र). तुमच्या दुकानाची विवरणपत्रं तिमाही असतील तर तारखा वेगळ्या, ते सांगायला बिचकू नकोस. उलट फरक माहीत आहे हे दिसेल.

इतकं करूनही न येणारा प्रश्न येणारच. नव्या उमेदवाराला मुद्दाम एक अवघड प्रश्न टाकतात, तो कसा वागतो ते बघायला. अशा वेळी ‘हे मी केलेलं नाही. पण माझ्या अंदाजानं असं असावं...’ म्हणून अंदाज सांग, आणि अंदाजही नसेल तर ‘नाही माहीत सर’ म्हणून थांब. गप्प बसून छताकडे बघू नकोस आणि माहीत असल्यासारखे शब्द तर अजिबात जुळवत बसू नकोस. मघाशी दडवण्याचं म्हणाले ना, ते इथेच दिसतं. आम्ही एकदा दोन मुलांमधून एकाला घेतलं होतं ते एवढ्यावरच. दोघांनाही डेप्रिसिएशनची, म्हणजे घसाऱ्याची, नोंद आली नाही. एकानं दहा वाक्यं बोलून दाखवली. दुसरा म्हणाला, ‘दुकानाच्या हिशेबात ते सीए करायचे, मी कधी बघितलं नाही, आज बघून घेईन.’

इंग्रजीचं सांगते. भोसरीच्या छोट्या कंपनीत हिशेबखात्यात बोलणं मराठी-हिंदीतच चालतं. लिहिणं मात्र इंग्रजीत. त्यामुळे बोलता येत नाही याची लाज नको, पण मेल लिहिता येत नाही हे चालायचं नाही. दोन मेल लिहून, कुणाकडून तरी तपासून घेऊन जा. एक, गिऱ्हाइकाला थकलेल्या बिलाची आठवण. दुसरी, पुरवठादाराला ‘तुमचं बिल आमच्या २-बीमध्ये दिसत नाही, कृपया भरा’. साधी, चार-पाच वाक्यांची. रोजच्या कामात निम्म्या मेल याच असतात. मुलाखत इंग्रजीत सुरू झाली तर पहिलं उत्तर इंग्रजीत दे, तुटकं का होईना, आणि मग विचार, ‘सर, मे आय एक्स्प्लेन धिस इन मराठी?’ नाही म्हणणारा मला तरी क्वचितच दिसला. समोरचा माणूस दक्षिणेकडचा किंवा गुजराती असेल तर हिंदीत. तुझी हिंदी कशी आहे ते तू लिहिलं नाहीस. बार्शीची हिंदी असेल तर असू दे, समजते.

दीड वर्षाच्या परीक्षांबद्दल विचारतीलच. त्यामागची शंका एवढीच असते की ही उद्या तलाठी झाली की सोडून जाईल. खरं काय ते घरातून ठरवून जा. परीक्षा बंद केल्या असतील तर ‘दोन प्रयत्न केले, नाही झालं, आता याच कामात पुढे जायचं ठरवलंय’ म्हण. अजून देणार असशील तर तेही सांग, पण नोकरी सांभाळून देणार असं. ‘बंद केल्या’ म्हणून तिसऱ्या महिन्यात परीक्षेसाठी रजा मागणारी मंडळी मी पाहिली आहेत, पुढच्या बार्शीकराचं दार ती बंद करतात.

आणखी एक प्रश्न मुलींनाच विचारला जातो, लग्नाचा. विचारू नये, तरी विचारतात. मला तो प्रश्न कधीच पटला नाही आणि आमच्या खात्यात मी तो विचारू दिला नाही. तुला आलाच तर ‘सध्या नोकरीचंच ठरलंय सर’ एवढ्यावर थांब आणि गप्प राहा. पुढे खणत राहिले, राहणार कुठे, घरचे पाठवतील का याच्या पलीकडे गेले, तर ती जागा कशी असेल याचा अंदाज तुलाही येईल. मुलाखत दोन्हीकडून असते.

पगार. आकडा सांगायच्या आधी बार्शीचं कुणी भोसरी-मोशीकडे असेल तर खोलीभाडं, मेस, बस असा महिन्याचा खर्च विचारून घे. तो धरून खाली कुठे जायचं नाही ते ठरव. तिथे पहिल्यांदा त्यांनाच विचार, ‘या जागेसाठी काय ठरलंय?’ आणि आकडा आला की लगेच विचार: हा हातात येणारा, ग्रॉस (कपातीआधीचा), की सीटीसी (कंपनीला तुझ्यावर होणारा एकूण खर्च)? कारण एकाच आकड्याचे तीन अर्थ होतात. समजा १८,००० म्हणाले आणि मूळ पगार १२,००० धरलाय. १८,००० ग्रॉस असेल तर तुझा पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४० आणि ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३५ कापून १६,४२५ हातात येतील. १८,००० सीटीसी असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ३.२५ टक्के ईएसआयही त्यातूनच गेला, आणि हातात सुमारे साडेचौदा हजार. फरक जवळजवळ दोन हजारांचा, म्हणजे बहुधा तुझ्या मेसच्या बिलाएवढा. व्यवसाय कर महाराष्ट्रात बायकांना महिना २५,००० पर्यंत नाही, तुझ्याबरोबरच्या मुलाचे मात्र २०० कापतील. ही वजाबाकी त्यांच्यासमोर कागदावर केलीस तरी हरकत नाही, अकाउंट्सचीच जागा आहे.

‘आधी अप्रेंटिस म्हणून घेतो’ म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, पण विचार: करार अप्रेंटिस कायद्याखाली नोंदवणार का, किती महिन्यांचा, पुढे काय? नोंदवलेल्या अप्रेंटिसला पीएफ लागू नसतो, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र. नुसतं तोंडी ‘सहा महिने शिकाऊ’ असेल तर ते लेखी माग.

पैसे मागितले, मग ते ‘रजिस्ट्रेशन’ असो, ट्रेनिंग असो, गणवेश असो की लॅपटॉपचं डिपॉझिट, तर उठून यायचं. तसंच मूळ गुणपत्रिका दाखवायच्या, ठेवायच्या नाहीत. झेरॉक्सवर सही करून दे.

कपडे जे धुतलेले, इस्त्रीचे आणि ज्यात तू सरळ बसू शकतेस ते. यावर जास्त विचार नको.

प्रवासाचं मात्र नीट बघ. बार्शीहून पहाटेच्या एसटीनं निघून ११ वाजता भोसरी गाठायचं धाडस करू नकोस, हडपसरला गाडी किती वेळ उभी राहील ते ड्रायव्हरही सांगू शकत नाही. पुण्यात नातेवाईक असतील तर मंगळवारी संध्याकाळीच पोच. स्वारगेटहून मेट्रो सरळ नाशिक फाट्याला येते, तिथे उतर. एमआयडीसी तिथून अजून लांब आहे, पुढे पीएमपीची बस किंवा रिक्षा. नुसतं ‘भोसरी एमआयडीसी’ सांगून रिक्षावाला सोडणार नाही. जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक असे ब्लॉक आहेत आणि एका ब्लॉकमध्ये गल्ल्याच गल्ल्या. प्लॉट क्रमांक आणि जवळचा चौक फोनवर आधीच विचारून घे. त्या फोनमध्येच मुलाखत कोण घेणार, त्यांचं नाव काय, टॅलीची चाचणी आहे का, हेही विचार. यात काही चोरटं नाही, विचारणाऱ्याला सांगतात. गेटवर वॉचमन नोंदवहीत सही करायला लावेल, तिथे वेळ खरी लिही. ११ च्या मुलाखतीला पावणेअकरा पुरे. दहालाच जाऊन बसलीस तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

बरोबर एक वही आणि चालणारी दोन पेनं. कॅल्क्युलेटर असेल तर तोही घे, मोबाइल काढून बेरीज करण्यापेक्षा बरं दिसतं. एजिंगचा तो एक्सेलचा कागद छापून घेऊन जा, पण आपणहून पुढे करू नकोस. उधारीचा विषय निघाला तर काढ.

निघताना निर्णय कधी कळेल ते विचार. त्या दिवसापर्यंत फोन करू नकोस, आणि तो दिवस उलटल्यावर मात्र कर, एकदाच, सकाळी ११ नंतर. ‘नाही’ म्हणाले तर कशात कमी पडले ते विचार, दहातले दोन जण खरं सांगतात आणि तेवढं पुढच्या मुलाखतीला पुरतं. फोन गुरुवारी लावू नकोस, भोसरीत बऱ्याच कंपन्यांना गुरुवारीच साप्ताहिक सुट्टी असते.